इंग्लंडच्या कालव्यात लॉकं चढायची आहेत, हवा बेभरवशाची. काय काय सांभाळायचं?

टिळकवाडी_अक्का

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, हे, मुलगी, जावई) इंग्लंडात नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली अरुंद, लांबट, राहायची नाव, आठवड्यासाठी भाड्यानं घेतोय. नाव ५७ फुटी, निघायचं ब्रॉन्स्टनहून. पहिल्याच पूर्ण दिवशी ऑक्सफर्ड कालव्यानं नॅप्टन गाठून तिथली ९ लॉकं चढायची, मुक्काम वर मार्स्टन डोल्सला, असं जावयांनी ठरवलंय. दुसऱ्या दिवशी तीच उतरून परत. निघताना कंपनीचा माणूस थोडं शिकवतो म्हणे, पण तेवढ्यानं पुरतं का?

सुकाणू हे धरणार. लॉकची कामं मुलगी, जावई आणि मी. माझं वय ६१, गुडघे शाबूत आहेत. आमचं ज्ञान म्हणजे हिडकलच्या कालव्याची दारं लांबून बघितलीत, तेवढंच.

विचारायचं असं की एका दिवसात ९ लॉकं झेपतात का? लॉकमध्ये नेमकं काय बिघडतं? आणि तिकडं तासात ऊन, तासात पाऊस, मधेच वारा. मग चालू ठेवायचं कधी आणि काठाला लावून बसायचं कधी?

चिकोडीचा_पाटकरी

अक्का, पहिल्यांदा हिडकल डोक्यातून काढा. आपला कालवा वाहतो. पाळी सुटली की पाणी ओढतं, काठ गुळगुळीत उताराचे, पडलेल्याला वर यायला धरायला काही मिळत नाही. तिकडचा नावांचा कालवा उभा असतो, लांबट तळ्यासारखा. जमीन चढते तिथं लॉकची पायरी, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची खोली. पंप नाही, वीज नाही. वरचं पाणी खोलीत घेतलं की नाव चढते, खोलीतलं खाली सोडलं की उतरते.

नॅप्टनची लॉकं अरुंद जातीची. रुंदी ७ फूट, नावेची ६ फूट १० इंच. दोन्ही बाजू मिळून दोन-तीन बोटांची फट उरते. म्हणून नावेच्या कडेला लोंबणारे रबरी फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) आत शिरण्याआधी उचलून छतावर टाका. एखादा भिंत आणि नाव यांच्यात अडकला की नाव पाचरीसारखी बसते.

पाण्याचा हिशेब सांगतो, म्हणजे तिथले लोक पाण्याला इतके का जपतात ते कळेल. २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि २ मीटर उतार धरला तर एका लॉकचं पाणी होतं ९२ हजार लिटर. उन्हाळ्यात गल्लीत येणाऱ्या १० हजारी टँकरांच्या भाषेत ९ टँकर. हे सगळं माथ्यावरच्या टप्प्यातून जातं आणि तो टप्पा बॉडिंग्टनसारख्या तलावांवर भरतो. म्हणून वरून नाव येताना दिसली आणि लॉक भरलेलं असलं, तर ते आपल्यासाठी रिकामं करायचं नाही. तिला आत येऊ द्यायचं, ती उतरली की रिकामं लॉक आयतंच आपल्याला मिळतं.

दाराचंही तसंच गणित. दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत दार हलत नाही, आणि नवखी माणसं उगाच दार ढकलायच्या लांब तुळईला खांदे देत बसतात. दार २.१ मीटर रुंद, पाण्यात १.५ मीटर बुडालेलं आणि पातळीत फक्त १५ सेंटिमीटरचा फरक असला, तरी त्याच्यावर पावणेपाच क्विंटलचा रेटा असतो. पाच सेंटिमीटर उरले तरी दीड क्विंटल. गप उभं राहायचं. पातळी जुळली की दार आपणहून सैल होतं. मग पाठ टेकवून, पाय जमिनीतल्या विटांच्या उंचवट्यांना लावून हळूहळू रेटा द्यायचा.

निघायच्या आदल्या रात्री कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर त्या कालव्याच्या सूचना बघा. २०१२ पासून इंग्लंड-वेल्सचे बहुतेक कालवे त्यांच्याकडं आहेत. कोरड्या उन्हाळ्यात काही ठिकाणी लॉकांच्या वेळा ठरवून देतात, दुरुस्तीला बंदही ठेवतात.

जलवाट

९ लॉकं झेपतात. सोपा ठोकताळा असा की मैल अधिक लॉकं, भागिले तीन, म्हणजे तास. ब्रॉन्स्टन ते मार्स्टन डोल्स साधारण ९ मैल. ९ आणि ९ अठरा, भागिले ३, म्हणजे ६ तास. सरावलेले लोक चारनं भागतात, तुम्ही तिनानंच भागा. सकाळी ९ ला सुटलात तर जेवण आणि लॉकपुढची रांग धरून ४-५ पर्यंत पोचाल. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घाईचं कारणच नाही. वाटेत नॅप्टन जंक्शनला उजवीकडं वळू नका, तो रस्ता कॅलकटच्या रुंद लॉकांकडं जातो. सरळ चला.

चढताना असं करा. लॉकच्या अलीकडं काठाला खुंट असतात, तिथं नाव टेकवून कामाची माणसं उतरवा. टेकल्यावर पाऊल टाकून उतरायचं, उडी नाही. वर जाऊन लॉक बघा. भरलेलं आहे आणि वरून कोणी येत नाही, तर वरचं दार आणि वरची पॅडलं (पाण्याच्या झडपा) बंद असल्याची खात्री करून खालची उघडा. रिकामं झालं की खालची दारं उघडून नाव सावकाश आत घ्या, दारं लावा, खालची पॅडलं पाडा. ही पाडायची राहिली तर वरून कितीही पाणी घ्या, लॉक भरत नाही. नवख्यांची निम्मी घोटाळ्याची कारणं इथंच सापडतात.

पॅडल उघडायला काटकोनात वाकवलेली लोखंडी मूठ असते, तिला विंडलास म्हणतात. ती चौकोनी टोकावर घालून फिरवली की दांडा वर येतो आणि दातऱ्यात खिट्टी बसते. खिट्टी नीट बसलीय हे डोळ्यांनी बघा आणि विंडलास लगेच काढून घ्या. ती लावून ठेवली आणि खिट्टी सटकली, तर दांड्याच्या वजनानं मूठ गरगर फिरते, मनगट किंवा जबडा मोडतो. पाडतानासुद्धा फिरवतच पाडायचं, सोडून द्यायचं नाही.

चढताना जमिनीतली पॅडलं आधी, तीही अर्धी. नाव स्थिरावली की पूर्ण. काही लॉकांत वरच्या दारातही पॅडल असतं, ते शेवटी, त्याचं तोंड पाण्याखाली गेल्यावर. आधी उघडलंत तर दारातून धबधबा सुटतो आणि थेट नावेच्या पुढच्या उघड्या भागात पडतो. पाणी सोडल्यावर नाव आधी मागं ढकलली जाते, मग पुढं ओढली जाते. नाकाचा दोरखंडी फेंडर वरच्या दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकतो का, हे एकानं सतत बघायचं. अडकला तर नाक दबून राहतं, बाकी नाव वर येते आणि पुढून पाणी आत शिरतं. दिसल्याबरोबर वरची पॅडलं पाडा.

बाहेर पडल्यावर दार बंद, पॅडलं बंद, मगच पुढं. नॅप्टनला ७ लॉकं लागोपाठ आहेत, मग थोडं अंतर सोडून मार्स्टन डोल्सची २. लागोपाठच्यांत एकानं विंडलास घेऊन चालत पुढं जावं आणि पुढचं लॉक तयार ठेवावं, अर्थात वरून कोणी येत नसेल तरच.

संकेश्वर_७७

लॉकमध्ये पुढचा-मागचा दोर खुंटाला घट्ट बांधून टाका, नाव हलतच नाही. सोपं काम आहे, उगाच भ्यायचं कशाला ओ.

जलवाट

दादा, हे कृपा करून कोणी करू नका. उतरताना पाणी सहा-सात फूट खाली जातं. दोर बांधलेला असला तर १५ टनांची नाव त्याच्यावर लटकते. मग दोर तुटतो, खुंट उपटतो, नाहीतर नाव कलंडते. ताण आलेली गाठ हातानं सुटत नाही. दोर खुंटाभोवती एक वेढा घालून टोक हातात धरायचं आणि पाण्याबरोबर सोडत राहायचं. अरुंद लॉकमध्ये बऱ्याचदा त्याचीही गरज नसते, भिंतीच नाव धरतात.

उतरण्यावरून निघालंच आहे तर उंबऱ्याचं सांगतो, कारण सगळ्यात मोठा धोका तोच आहे. वरचं दार ज्या दगडी पायरीवर टेकतं ती पायरी लॉकच्या आत काही फूट पुढं आलेली असते. लॉक भरलेलं असताना ती पाण्याखाली, दिसत नाही. उतरताना नावेचा मागचा भाग तिच्यावर राहिला तर पाणी उतरेल तसं नाक खाली जातं आणि मागचा भाग दगडावर टांगून राहतो. दोन-तीन मिनिटांत पुढून पाणी आत येऊन नाव बुडते. काठाच्या दगडावर पांढरा पट्टा असतो, सुकाणू त्याच्या पुढंच ठेवायचं, पूर्ण वेळ. सुकाणू धरणाऱ्यानं दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचं आणि वरच्या माणसानंही पट्ट्यावर नजर ठेवायची. म्हणून पुढं नेऊन खालच्या दारांवर नाक आदळायचंही नाही.

अडकलीच, तर क्रम असा. खालची पॅडलं ताबडतोब पाडा, मग वरची उघडून पाणी परत घ्या, नाव आपोआप तरंगते. उलट क्रम केलात तर वरून आलेलं पाणी खालून निघून जातं. हा क्रम चौघांनी घरी बसून तोंडपाठ करा.

खानापूर_कणकुंबी

कणकुंबी-जांबोटीचा पाऊस बघितलेल्याला तिकडचा पाऊस पाऊसच वाटत नाही, आणि फसगत होते ती इथंच. पाणी थोडं, पण गार, आणि संगती वारा. दुपारी ऊन १९-२० अंशांचं, ढग आला की १२-१३ वाटतं. लॉकवाले हालचालीनं गरम राहतात, सुकाणूवाला मात्र तासन् तास एका जागी उभा असतो. त्याला दोन थर जास्त, पँटसकट रेनकोट आणि लोकरी टोपी. छत्री नको. कमानीच्या पुलाला अडते, समोरचं दिसत नाही, वाऱ्यात एक हात कायमचा गुंतवते. शेतातलं इरलं ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको, दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

अक्का, लॉकवर साडी आणि ओढणी दोन्ही नको. पदर दातऱ्यात जातो. सलवार-कमीज, ओढणी घरी. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत, दोर हाताळताना अंगठ्या काढून. पायात खाचांच्या तळव्याचे बूट. लॉकच्या दारावरची लाकडी पायवाट ओली झाली की शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखी होते. तिच्यावरून पलीकडं जायचं झालं तर एक हात कठड्याला. आणि दोन उघड्या दारांच्या मधल्या फटीवरून उडी मारणारे दिसतील, त्यांचं बघून करू नका.

थांबायचं कधी? नुसत्या पावसात थांबू नका, चाला. थांबवतो तो वारा. नाव पाण्यात जेमतेम दोन-अडीच फूट आणि वर सपाट लोखंडी भिंत, म्हणजे लांबलचक शीडच. नॅप्टनच्या टेकडीच्या आसपास रान उघडं आहे, आडोसा कमी. मेट ऑफिसच्या (तिकडच्या हवामान खात्याच्या) अंदाजात सरासरी वारा बघू नका, झोताचा आकडा बघा. ताशी २५-३० मैलांचे झोत सांगितले असतील तर पहिल्या दिवशी तरी निघू नका.

वाटेत गाठलं तर वेग अगदी कमी करणं चूक. नाव संथ झाली की वारा तिला आडवी करतो. नाक थोडं वाऱ्याकडं ठेवून, खेकड्यासारखं तिरकं चालायचं. काठाला लावून ठेवलेल्या नावांजवळून जाताना मात्र हळूच, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात. वाऱ्यानं काठावर ढकलून चिकटवलं तर पुढं जोर लावू नका, नाक परत काठातच घुसतं. लांब काठीनं मागचा भाग आधी बाहेर ढकला, नाव ढकलणारा मागचा पंखा खोल पाण्यात आला की उलट्या गिअरनं मागं सरून मधे या. हातापायानं ढकलायला जाऊ नका, १५ टन आहेत.

ढगांचा गडगडाट सुरू झाला की काठाला लावून आत बसायचं. उंच झाडाखाली नाही. लोखंडी सुकाणू आणि विंडलास हातात घेऊन उघड्यावर उभं राहायची ती वेळ नव्हे.

चिकोडीचा_पाटकरी

कणकुंबीकरांच्या पावसाला एक जोड. लॉकच्या बगलेला सांडवा असतो. वरच्या टप्प्यात जास्त झालेलं पाणी लॉकला वळसा घालून खालच्या दारांच्या जरा खाली, आडवं येऊन पडतं. कोरड्या दिवशी धार कळतसुद्धा नाही. तासभर पाऊस झाला की ती जोर धरते आणि लॉकमध्ये शिरू पाहणाऱ्या नावेचं नाक पलीकडच्या भिंतीवर ढकलते. कालवा उभा असतो म्हटलं ना, तो इथं तेवढा वाहतो. आधी बघून ठेवा धार कुठल्या बाजूनं येते. नाक त्या बाजूला हातभर जास्त धरा, वेग थोडा जास्त ठेवा आणि धार ओलांडली की कमी करा.

नदीचं पाणी मिसळतं अशा भागात नियम वेगळे. ऑक्सफर्ड कालव्याच्या खालच्या अंगाला चेरवेल नदी येऊन मिळते. अशा ठिकाणी लॉकजवळ हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांची फळी असते. पाणी लाल पट्ट्यात असेल तर जायचं नाही. तुमच्या वाटेवर नदी नाही, पण जावई पुढं जायचं काढतील म्हणून सांगितलं.

निपाणी_डिझेल

इंजिनाचं कोणीच लिहिलं नाही. पावसा-वाऱ्यानंतर पाण्यात फांद्या, गवत, प्लास्टिक येतं आणि पंख्याला गुंडाळतं. लक्षणं: आवाज जड होतो, धूर काळा, नाव थरथरते आणि गॅस वाढवला तरी पुढं जात नाही. तशीच रेटली तर इंजिन तापतं.

उपाय नावेतच असतो. मागच्या डेकखाली, पंख्याच्या बरोबर वर एक चौकोनी झाकण असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. नाव काठाला बांधा. इंजिन बंद करा, किल्ली काढून झाकण उघडणाऱ्याच्याच खिशात. झाकणाचा आडवा पट्टा सैल करून उघडा, बाही वर करून हात घाला, आधी चाचपून बघा काय आहे. गवत हातानं निघतं, दोरी किंवा कापड असलं तर सुरी. तार निघाली तर हात जपा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकण परत नीट बसवून पट्टा पूर्ण आवळा. सैल राहिलं तर पंखा चालू झाल्यावर पाणी तिथून वर उसळून इंजिनाच्या खोलीत भरतं आणि लक्षात येईपर्यंत मागचा भाग बसलेला असतो. इंजिन चालू केल्यावर मिनिटभर गिअर टाकून तिथं डोकावून बघा, मगच निघा.

मागं जाताना सुकाणूचा दांडा ज्या घेरात फिरतो त्या घेरात उभं राहू नका. सुकाणू तळाला किंवा दगडाला लागलं की दांडा झटका देतो आणि माणूस थेट पाण्यात, पंख्याजवळ.

टिळकवाडी_अक्का

सगळ्यांचे आभार. उंबऱ्याचं वाचून ह्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. अजून दोन-तीन शंका आहेत. इंजिनाच्या आवाजात खाली-वर बोलणं ऐकू येतं का? कोणी पडलंच तर? आणि रात्री पाऊस असला तर खुंट्या राहतात का?

जलवाट

ऐकू येत नाही असंच धरून चाला. खुणा आधी ठरवा. डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे सगळी पॅडलं पाडा, मग कारण विचारायचं. शब्द एकच ठेवा, “पाडा” किंवा बेळगावी घरात चालतं तसं कानडी “निल्सी” (थांबवा), पण चौघांचा तोच. “अरे थांब, जरा बघ, वर वर” यातून कोणाला काही कळत नाही.

पडलं तर गिअर न्यूट्रल आणि इंजिन बंद, त्याच्यामागं कोणी उडी मारायची नाही. कालव्यात काठाजवळ पाणी बहुतेक कमरे-छातीएवढं असतं, उभं राहा म्हणून ओरडायचं. लॉकमध्ये मात्र खोल. तिथं आधी सगळी पॅडलं बंद, मग गोल रिंग किंवा दोर टाकायचा आणि भिंतीतल्या शिडीकडं न्यायचं. लाइफ जॅकेट कंपनीकडून मागून घ्या आणि लॉकवर घालाच.

खानापूर_कणकुंबी

खुंट्या दाव्याच्या खुंट्यासारख्या, नावेपासून उलट्या कललेल्या ठोकायच्या आणि दोर जमिनीलगत बांधायचा. पावसानं माती भिजली की एक खुंटी धरत नाही, दोन एकमेकींवर तिरक्या ठोका. काठाला लोखंडी पत्र्याची भिंत असेल तर खुंट्यांचं नावच नको, पत्र्यामागच्या आडव्या पट्टीत अडकवायचे आकडे नावेत असतात, ते वापरा. दोर पायवाटेवर आडवा येऊ देऊ नका, सायकलवाले जातात.

जेवण सकाळीच उरकून घेण्यासारखं करा. लॉकांच्या रांगेत स्वयंपाकाला कोणी रिकामं नसतं, आणि नाव भिंतीला लागली की शेगडीवरचं भांडं खाली येतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी इथूनच न्या.

टिळकवाडी_अक्का

भाकऱ्या नेणारच. शेवटचं एक. विंडलास हातातून पाण्यात पडली तर?

निपाणी_डिझेल

पडणारच, म्हणून निघताना तीन मागा. दोरीला बांधलेलं जाड लोहचुंबक टाकून लॉकच्या तळाशी ओढलं की लोखंडी विंडलास चिकटून येते. कंपनी ॲल्युमिनियमची देत असेल तर ती हलकी आणि हाताला बरी, पण चुंबकाला चिकटत नाही. ती गेली की गेली, तेव्हा निदान एक तरी लोखंडी घ्या.